दाबा, धरा, सोडा

ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढायला आमच्याकडं दोन माणसं लागतात. एक चाकाखाली आडवं होऊन बारकासा नट उघडतं आणि मिटतं, दुसरं ड्रायव्हरच्या जागेवर बसून पेडल दाबतं. चाकाखालचं माणूस हुकूम सोडतं आणि पेडलवरचं माणूस मुकाट ऐकतं. दिवाळीपासून पौषापर्यंत मी एकाच गोष्टीचा विचार करत होते, की आपल्या जीपचं हे काम निघेल तेव्हा पेडलवर कोण बसेल. माणूस मी पहिल्याच दिवशी नक्की केला होता. माझे थोरले दीर.

मी डूख धरणारी बाई आहे. माहेरीही मला हे ऐकवायचे आणि सासरीही ऐकवतात. लोक म्हणतात, सोडून द्यावं, मन हलकं होतं. माझं होत नाही. माझं मन परतफेड झाली की हलकं होतं, आणि ती चारचौघांत झाली तर जास्तच.

माझं माहेर उमरग्याचं. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. अप्पांनी आयुष्यभर हायवेवर काळी-पिवळी जीप चालवली. घरात ते अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत, पण गाडीखाली शिरले की तीन शब्दांवर काम चालायचं. त्यांच्या गाडीच्या ब्रेकची हवा काढताना पेडलवर मी बसायची. सीटवरून पाय पुरत नसत तेव्हापासून. खालून त्यांचा आवाज यायचा, मला लाडानं कानडीत आई म्हणत, "दाब अव्वा. धर. सोड." मला दाब म्हटलं की दाबायचं, धर म्हटलं की जीव गेला तरी धरून ठेवायचं. गाडी चालवायला मी पुढं शिकले, पण ब्रेक म्हणजे काय ते मला आधी कळलं.

लग्न होऊन मी जळकोटजवळच्या एका गावात आले. आमची शेती गावापलीकडं, ओढा उतरून वर माळावर. रस्ता म्हणायचा म्हणून रस्ता. पावसाळ्यात काळी चिकट माती आणि उन्हाळ्यात सुटे दगड. दुधाचे कॅन, पेंडीची पोती, फवारणीचं पाणी सगळं ट्रॅक्टरनं न्यावं लागायचं आणि ट्रॅक्टर थोरल्या दिरांच्या ताब्यात. ते रिकामे असतील तेव्हा आमचं दूध जायचं. म्हणून मी आणि माझ्या नवऱ्यानं एक जुनी चारही चाकं ओढणारी जीप घेतली. दारं नसलेली, वर ताडपत्री, मागं समोरासमोर दोन बाकडी. अप्पांनी ती पारखून दिली. नवऱ्याला गाडी मागं घेताना घाम फुटतो, त्यामुळं चालवायचं काम माझ्याकडं आलं. मी डोक्यावर पदर घेऊन, पदराचं टोक दातात धरून तो ओढा चढायची-उतरायची. गावानं आठवडाभर बघितलं आणि मग बघायचं सोडून दिलं.

दिरांनी मात्र सोडलं नाही. त्यांच्यासमोर मी बसत नाही, थेट बोलत नाही. आमच्या घरात रीतच तशी आहे. काही सांगायचं असेल तर नवऱ्याला सांगायचं, "ह्यांना म्हणावं, चहा झालाय." ते दोन हातांवर बसलेले असतात आणि सगळं ऐकत असतात, पण उत्तर नवऱ्यालाच देतात. मी जीप घेऊन निघाले की तेही नवऱ्यालाच विचारायचे, "आज कुठं मोहीम?" मी ऐकून घ्यायची आणि मनात ठेवायची.

आमच्या घरात आणखी एक रीत आहे. तुळजापूरला निघालेली कोणतीही वस्तू अर्धी न्यायची नाही. परडी तर भरायचीच, पण पाण्याचा तांब्याही काठोकाठ पाहिजे, हळदीकुंकवाच्या डब्याही शिगोशीग. देवीच्या दारात उणं काही जाता कामा नये. गेल्या नवरात्रात मी आणि सासूबाई आत परडी भरत होतो आणि दीर अंगणात जीप भरत होते. डिझेल भरलं, रेडिएटरमध्ये पाणी भरलं, काच पुसायचं पाणी भरलं. मग त्यांना बॉनेटखाली एक पांढरट डबी दिसली, त्यातलं तेल रेषेपर्यंत होतं पण काठापर्यंत नव्हतं. ती ब्रेकच्या तेलाची डबी. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये तेलाचा मोठा ड्रम असतोच. आमच्या ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या पेटीत तेलात बुडालेले असतात आणि त्याच तेलावर नांगर उचलायची लिफ्टही चालते. तेच तेल त्यांनी कपानं ओतून डबी काठोकाठ केली. आत येऊन सासूबाईंना म्हणाले, "समदं भरलंय आई. आता बिनघोर जायाचं."

मला वाटलं, डिझेल-पाणी भरलंय. मी मनात म्हटलं, चला, एकदा तरी उपयोगी पडले.

जीपचा ब्रेक ट्रॅक्टरसारखा नसतो. बारीक नळीतून तेल ढकललं जातं, चाकाशी रबराच्या वाट्या असतात, त्या पुढं सरकतात आणि चाक धरतं. ते रबर फक्त ब्रेकच्या तेलातच नांदतं. इंजिनचं किंवा ट्रॅक्टरचं तेल लागलं की फुगतं, पावसात भिजलेल्या चपलेच्या तळासारखं. लगेच नाही फुगत. दहा-पंधरा दिवस काढतं आणि मग दगा देतं. तुळजापूरला आम्ही सुखरूप गेलो आणि सुखरूप आलो. दीर गावभर सांगत होते, गाडी कशी पाण्यासारखी चालली, सगळं भरलं होतं ना.

दिवाळीच्या आधी एका सकाळी मी माळावरून खाली येत होते. शेजारी सासूबाई, मागं दुधाचे कॅन. उतरणीला लागल्यावर मला जीप जड वाटली, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. मग जळका वास आला. फुगलेल्या रबरानं ब्रेक सुटू दिले नव्हते, चाकं घासून तापली होती, आणि त्या तापानं नळीतलं तेल उकळलं. हे मला आता माहीत आहे. तेव्हा एवढंच कळलं की मी पेडल दाबलं आणि ते खाली गेलं. जिन्यात एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. पुन्हा दाबलं, पुन्हा खाली. पुढं ओढ्याची खोल वळणं, दगड, पाणी. मी गिअर खाली ओढला, हँडब्रेक खेचला, आणि उजवीकडच्या नांगरलेल्या रानात जीप घातली. मऊ मातीत ती बुडत बुडत गेली आणि बांधावर नाक टेकून थांबली. कॅन उलटे झाले. सासूबाईंचं मनगट डॅशबोर्डवर आपटून मोडलं. त्या ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "आई राजा उदे उदे," आणि हात पोटाशी धरला.

ओढ्यात गेलो असतो तर काय झालं असतं ते मी कुणाला सांगत बसले नाही. मला वाटलं, ते दिसतंयच की.

दीर ट्रॅक्टर घेऊन आले. बांधावर चढलेल्या जीपचा त्यांनी आधी फोटो काढला. मग नवऱ्याला म्हणाले, मी तिथंच उभी असताना, "ब्रेक समजून क्लच दाबला असंल. बायकांच्या हातात गाडी दिली की हेच व्हायचं." तो फोटो दुपारपर्यंत गावच्या ग्रुपवर होता. खाली हसणारी तोंडं. सासूबाईंना उमरग्याला हाडाच्या डॉक्टरकडं नेलं, तिथल्या बाकावर आमच्याच गावचा एक माणूस भेटला आणि मला म्हणतो, "वहिनी, आता पेडलवर नावं लिवून घ्या की." मी त्याच्याकडं बघून हसले. त्याचाही हिशेब मी ठेवलाय, पण तो इथला विषय नाही.

जीप अंगणात लिंबाखाली आणून टाकली. रात्री पदर खोचून मी बॉनेट उघडलं. डबीचं झाकण काढलं तर झाकणाखालचं रबर फुगून लादीसारखं झालेलं, परत बसेना. आतलं तेल दोन थरांचं दिसत होतं. मी स्वयंपाकघरातून वाटीभर पाणी आणलं आणि त्यात डबीतल्या वरच्या तेलाचा थेंब सोडला. ब्रेकचं तेल पाण्यात विरघळून जातं, हे मला अप्पांनी शिकवलं होतं. हा थेंब वर तरंगत राहिला, डाळीवरच्या फोडणीसारखा.

मी वाटी नवऱ्याला दाखवली. त्यानं बोटानं थेंब ढवळून बघितला. म्हणाला, "मला कळतंय गं. पण दादाला कोण सांगणार?"

मी म्हटलं, "तुम्ही."

त्यानं सांगितलं, माझ्यासमोरच, जेवताना. दिरांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "ट्रॅक्टरच्या ब्रेकला बी त्येच तेल हाय. एवढा हत्ती थांबतोय त्या तेलावर, अन् हिची जीप थांबंना व्हय? चूक झाली तर झाली म्हनावं. तेलावर कशाला ढकलायचं?" मग सासूबाईंना म्हणाले, "चावी तुमच्यापाशी ठेवा आई. आता गाडी मी चालवनार. सुगी उरकू दे, मेकॅनिक बघतो." सासूबाईंनी प्लास्टरमधला हात सावरत दुसऱ्या हातानं चावी घेतली आणि कमरेच्या चंचीत टाकली. माझ्याकडं बघितलं नाही.

त्या रात्री मी रडले, आणि रडून झाल्यावर ठरवलं की चावी मागायची नाही. चावी माझ्या हातात आणून दिली पाहिजे. आणि ज्यांच्यासमोर मी क्लच दाबणारी बाई ठरले त्यांच्यासमोरच आणून दिली पाहिजे.

पुढचे दोन-अडीच महिने माझं दूध पुन्हा ट्रॅक्टरच्या मर्जीवर गेलं. कधी नासलं. मी डोक्यावर कॅन घेऊन ओढा उतरले. दिरांनी तेवढ्यात एक पेंटर बोलावून जीपच्या मागच्या फाळक्यावर मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'थोरले सरकार'. गाडी जाग्यावरून हलत नव्हती, पण नाव लागलं. मी रोज अंगण झाडताना ते वाचायची. वाचून हात अधिक जोरात चालायचा.

पौषात शाकंभरीचं नवरात्र आलं. सासूबाईंचं प्लास्टर निघालं होतं आणि हात बरा झाला म्हणून त्यांनी पौर्णिमेला परडी घेऊन तुळजापूरला जायचं ठरवलं. जीपनंच जायचं म्हणाल्या. दिरांनी हायवेवरच्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, पौर्णिमेपर्यंत हात रिकामा नाही, गाडी ओढून आणून टाका, नंतर बघू. दीर वैतागले. तेव्हा मी दाराआडून सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, ब्रेकचं काम मला येतं. सामान आणलं की अंगणातच होईल."

दीर जोरात हसले. मग म्हणाले, "करू दे की. समद्यांना बघू तरी दे." आणि खरंच त्यांनी शेजारपाजाऱ्यांना सांगून ठेवलं. माझी फजिती बघायला प्रेक्षक त्यांनीच जमवले. त्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

मी एसटीनं उमरग्याला गेले. अप्पा आता थकले आहेत, गुडघ्यानं खाली बसता येत नाही, पण दुकानापर्यंत आले. दुकानदारानं आधी अप्पांनाच विचारलं, काय पाहिजे. अप्पा म्हणाले, "तिला इचारा." मी सगळी रबरं मागितली, मुख्य पंपाची, चारही चाकांची, शिवाय लवचीक नळ्या. एकदा खराब तेल फिरलं की रबराचा एकही तुकडा ठेवायचा नसतो. मग तेलाचं आलं. आमच्या डबीच्या झाकणावर डॉट थ्री लिहिलेलं, ती तेलाची प्रत. मी डॉट फोर घेतलं. दोन्ही एका जातीचं, एकमेकांत चालतं, पण फोर जास्त तापमानाला उकळतं आणि आमची उतरण चाकं तापवते. दुकानदारानं फळीवरची एक अर्धी बाटली पुढं केली, म्हणाला, तेच आहे, स्वस्तात देतो. मी म्हटलं, सीलबंदच द्या. उघडी बाटली हवेतलं पाणी पिते आणि तेच पाणी उतारावर उकळतं. बाजूलाच डॉट फाइव्हची बाटली होती, दिसायला भारी, जांभळट. ते सिलिकॉनचं, आपल्या तेलात मिसळत नाही. अप्पा नुसते बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "पेडलवर कोन बसनार?"

मी सांगितलं. अप्पांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सावकाश कर. घाई करू नको अव्वा."

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी मी साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवला. आधीचे दोन दिवस मी नवऱ्याला हाताशी घेऊन चाकं उघडली होती, नळ्या धुतल्या होत्या, नवी रबरं बसवली होती. जुनी फुगलेली रबरं एका ताटात मांडली आणि शेजारी तशीच नवी, एकेक. ताट ओट्यावर ठेवलं. येणारा-जाणारा ते बघून जायचा. नवी वाटी आणि जुनी वाटी एकाच मापाची असते हे पटायला वेळ लागत होता. दीरही एकदा बघून गेले. 

उन्ह अंगणात आलं तेव्हा माणसं जमली होती. सासूबाई बाजेवर बसल्या. मी गुरांच्या सलाइनची स्वच्छ नळी मागच्या डाव्या चाकाच्या नटाला लावली, दुसरं टोक बाटलीत सोडलं. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची असते. डबीत नवं तेल भरलं. नवरा पेडलवर बसायला पुढं झाला.

मी म्हटलं, "तुम्ही नको. तुम्ही डबीकडं बघा, तेल खाली जाऊ देऊ नका. गाडी ज्यांना चालवायचीय त्यांनी पेडलवर बसावं. पायाला ओळख झालेली बरी."

 सगळ्यांना कळलं की मी हे नवऱ्याला सांगत नव्हते. दिरांना नाही म्हणता येईना, गाडी त्यांनीच आपली करून घेतली होती, मागं नावही लिहिलेलं होतं. ते धोतर सावरत चढले आणि ऐटीत बसले. दारं नसलेली जीप. त्यांचे दोन्ही पाय सगळ्यांना दिसत होते.

मी पोत्यावर आडवी झाले. घरात आल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांच्याशी थेट बोलले. म्हटलं, "दाबा."

काही झालं नाही.

"भाऊजी, दाबा."

पेडल करकरलं. "सोडा," मी म्हटलं. "दाबा. सोडा. दाबा. सोडा." बाजेजवळ कुणीतरी बाई पदरात हसली. ज्या माणसाला या घरात पाण्याचा तांब्यासुद्धा न मागता मिळतो तो माझ्या तोंडाकडं कान लावून बसला होता. मला चाकाखाली इतकं बरं वाटत होतं की पाठीला टोचणारे खडेही गोड लागत होते.

दाबून दाबून पेडल घट्ट झालं. दिरांना जोर आला. वरून लोकांना म्हणाले, "कसा दगडावानी लागतोय बघा. ह्या ब्रेकला काय धाड भरलीया?"

"दाबून धरा," मी म्हटलं. "सगळा जोर लावा."

त्यांनी लावला. मला चाकाखालून त्यांचा पाय दिसत नव्हता, पण जीप किंचित झुकलेली कळली. मी पान्यानं नट अर्धा फिरवला. नट उघडला की दाबलेलं तेल नळीतून बाहेर येतं आणि पेडल एकदम तळाला जातं. पेडलवरच्या माणसाला हे आधी सांगायचं असतं. अप्पा मला सांगायचे. मी दिरांना सांगितलं नव्हतं.

हॉर्न वाजला. ते स्टिअरिंगवर पुढं पडले होते. आणि अंगणाला ऐकू जाईल असा त्यांचा आवाज आला, "खाली गेलं! आरं, पेडल खाली गेलं, ब्रेक लागंना!" जीप जाग्यावर उभी होती, चारही चाकांना दगड लावलेले होते, तरी त्यांनी एका हातानं ताडपत्रीची दांडी घट्ट धरली होती. त्यांचा पाय ब्रेकच्या पेडलवर होता. ब्रेकच्याच. सगळे बघत होते.

मी नट मिटला, चाकाखालून डोकं बाहेर काढलं आणि सावकाश म्हटलं, "ब्रेक समजून क्लच दाबला असंल."

कुणीही हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. दीर आपल्या पायाकडं बघत राहिले. पेडल अजून तळाला होतं, पाय त्यावरच. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि मला तो बघायचा होता, मी तो पुरेपूर बघून घेतला.

तेव्हा बाजेवरून सासूबाई बोलल्या. "त्या दिशी हिचा पाय बी तितंच व्हता. म्या बगितला व्हता."

मी उठून बसले. म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही बघितला होता?"

"व्हय. दोनदा दाबला तू. दोनदा खाली गेलं."

"मग बोलला का नाही?"

त्यांनी आपल्या बऱ्या झालेल्या मनगटावरून दुसरा हात फिरवला. "तेल थोरल्यानं घातलं व्हतं," त्या म्हणाल्या. "त्येच्या हातनं आपल्या आईचा हात मोडला, असं मी कसं बोलू?"

हा घाव माझ्या हिशेबात नव्हता. मी दोन-अडीच महिने एकाच माणसावर दात धरून होते आणि दुसरं माणूस रोज माझ्या हातची भाकरी खाऊन गप्प बसलं होतं. क्षणभर मला पान्याचं काय करायचं तेच कळेना. मग कळलं. अजून तीन चाकं बाकी होती.

"भाऊजी," मी म्हटलं, "पेडल सोडा. आता पुन्हा दाबा."

त्यांनी दाबलं. मी चारही चाकं केली. शेवटच्या चाकाच्या नळीत बुडबुडा यायचा थांबला होता, स्वच्छ सोनेरी तेल येत होतं, तरी मी थांबले नाही. नवरा डबीवरून खुणावत होता, पुरे. मी म्हटलं, अजून थोडी हवा असेल. दिरांच्या मांडीला कापरं भरलेलं मला पेडलच्या आवाजातून कळत होतं. बाटलीत नवं तेल फुकट जात होतं. जाऊ दे म्हटलं. दाबा, धरा, सोडा. माणसं घरी जायला उठू लागली तेव्हा कुठं मी पाना खाली ठेवला.

चावी सासूबाईंनी चंचीतून काढली. त्या बाजेवरून उठून स्वतः आल्या आणि सगळ्यांदेखत माझ्या तेलकट तळहातावर ठेवली. मी ती मिटून घेतली. त्यांच्याशी मी त्या दिवशी बोलले नाही.

वापरलेल्या तेलाची बाटली मी काम करताना मागच्या फाळक्यावर ठेवली होती. तिचं बूच सैल होतं. ब्रेकचं तेल रंग खातं, हे ज्यानं एकदा ब्रेकचं काम केलंय त्याला माहीत असतं. सकाळी 'थोरले सरकार' सुरकुतून सुटलं होतं, बोटानं पापुद्रा निघत होता. सासूबाई म्हणाल्या, हे काय झालं. मी म्हटलं, सांडलं असेल.

निघताना परडी काठोकाठ भरलेली होती, तांब्याही. दीर बॉनेटपाशी उभे होते. झाकण त्यांनी उघडलं नव्हतं, नुसतं बघत होते. हलक्या आवाजात, पहिल्यांदाच मला उद्देशून, म्हणाले, "रेषेपर्यंतच हाय ते?"

"रेषेपर्यंतच असतं," मी म्हटलं. "तुम्ही मागं बसा."

मागच्या बाकड्यावर बायका बसतात. ते तिथं बसले, माझ्या जाऊबाईंच्या समोर. नवरा त्यांच्या शेजारी. पुढं सासूबाई, मांडीवर परडी. आधी माळावरच्या देवाला नारळ फोडून मग तुळजापूर, असा आमचा क्रम असतो, त्यामुळं जीप ओढा ओलांडून वर गेली आणि त्याच उतरणीनं पुन्हा खाली येऊ लागली. बांधावर जीपनं पाडलेली खाच अजून तशीच होती.

उतार सुरू झाला तसं मागून जाऊबाईंचा आवाज आला. "अवो, पाय काढा की. माझ्या पायावर कशापायी दाबताय?"

थोड्या वेळानं पुन्हा, "अवो."

मागच्या बाकड्याखाली पेडल नसतं. ते तिथं पत्रा दाबत होते, आणि पत्रा सोडून बायकोचा पाय. मी आरशात बघितलं नाही. ओढ्याचं वळण पुढं येत होतं. ब्रेक माझ्या पायाखाली होता, घट्ट, अप्पांच्या गाडीसारखा. मी तो जिथं दाबायचा तिथंच दाबला. त्याच्या आधी एक हातभरसुद्धा नाही.